चावदस सुताराची बंगई

निंबदेवळीत नवी वस्तू आधी मालक वापरत नाही, ती ज्यानं बनवली तो वापरतो. खाट विणून झाली की विणणारा तिच्यावर आडवा होतो. घर बांधून झालं की गवंडी एक दुपार तिथं झोप काढतो. चपलांचा जोड तयार झाला की शिवणारा तो पायात घालून पारापर्यंत जाऊन येतो, आणि ज्याच्या चपला तो अनवाणी त्याच्या मागं मागं चालतो. मग चार लोकांसमोर कारागिराला विचारायचं, "सांगा, कुठं चुकलं?" आणि त्यानं सांगायचं.

बाहेरच्या माणसाला हे काही केल्या कळत नाही. गेल्या वर्षी शाळेत नवी खुर्ची आली. पाहुणे म्हणून आलेले साहेब तिच्यावर बसायला गेले, तर पोरांनी मागून त्यांचा सदरा धरून ठेवला. सुतार आरामात खुर्चीवर, आणि साहेब हार घालून उभे. साहेब जाम चिडले. चिडू देत. सातपुड्याच्या पायथ्याच्या या एवढ्याशा गावात जो येतो त्याला पहिल्यापासून सगळं सांगावं लागतं, सांगून सांगून घशाला कोरड पडते, तरी पुढचा पाहुणा येतो आणि सरळ जाऊन बसतो. तुम्हीही आता बसणारच होता. असू द्या, उभ्यानं ऐका.

गोष्ट भुताची आहे, पण घाबरायचं कारण नाही. या भुताला कधी कुणी घाबरलंच नाही आणि हीच तर त्याची रड होती.

केळी न्यायला गावात ट्रक नव्हे, बैलगाड्या यायच्या तेव्हाची ही हकिकत. गावात चावदस नावाचा सुतार होता. चौदसला जन्मला म्हणून चावदस. हाताला त्याच्या अशी सफाई की त्यानं केलेल्या दाराच्या फटीतून मुंगीला अंग चोरून जावं लागे म्हणतात. स्वभाव मात्र तिरसट. कुणी कामाच्या मध्ये बोललेलं खपायचं नाही. आणि त्याचा एक शिरस्ता होता. काम पुरं झालं की मालकानं म्हणायचं, "बसा चावदसबाबा," आणि मग आधी त्यानं बसायचं. पाट असो, बाज असो, बैलगाडी असो. हा त्याचा मान. दुसरी बिदागी चार दिवस उशिरा दिली तरी चालेल, पण मान त्याच दिवशी पाहिजे.

गावच्या तोताराम पाटलांनी त्याच्याकडून एक बंगई करून घेतली. बंगई म्हणजे झोपाळा, मोठ्या फळीचा, कड्यांनी वरच्या सराला, म्हणजे तुळईला, टांगलेला. तीन महिने चावदस त्या सागाच्या फळीवर रंधा मारत होता. कडेला वेल काढली, वेलीत पोपट काढले. ज्या दिवशी बंगई माजघरात टांगायची त्याच दिवशी पाटलांचे व्याही येणार असल्याचा निरोप आला आणि घरात एकच धांदल उडाली. चावदसनं घाईघाईनं आकडे ठोकले, कड्या अडकवल्या, फळी पुसली आणि बाजूला हात बांधून उभा राहिला. आता पाटील 'बसा' म्हणतील.

तेवढ्यात व्याही आले. चांगले अंगापिंडानं दणकट गृहस्थ. उन्हातून आलेले, दमलेले, ते थेट येऊन बंगईवरच बसले. पाटील पाय धुवायला पाणी मागवत होते, बायका सरबताच्या गडबडीत होत्या, आणि चावदसकडं बघायला कुणालाच फुरसत नव्हती. तो घटकाभर उभा राहिला, दोन घटका उभा राहिला, मग वाकस-पटाशी ही आपली हत्यारं गोळा करून घरी निघून गेला. त्यानंतर त्या घरात त्यानं पाऊल टाकलं नाही. त्याच पावसाळ्यात तापाचं निमित्त होऊन तो गेला. जाताना म्हणे एवढंच बोलला, "माझ्या बंगईवर मी बसलो नाही."

आणि मग तो परत आला.

आता भूत म्हटलं की लोकांना रात्र आठवते. पण चावदस भूत झाला तरी सुतारच होता. उजेड गेला की काम बंद, ही जन्माची सवय. त्यामुळं तो यायचा भर दुपारी, सगळे जेवून कलंडलेले असताना. येऊन बंगईच्या बाजूला उभा राहायचा. बसायला काही कुणी अडवलं नव्हतं. पण न बोलावता बसेल तो चावदस कसला. घरातल्या कुणीतरी तोंडानं 'बसा' म्हणावं, त्यानं बसावं, की झाली सुटका. एवढं एकच हवं होतं त्याला. दोन अक्षरांचा शब्द. आणि त्या दोन अक्षरांसाठी त्या घरानं त्याला चाळीस वर्षं तंगवलं.

सुरुवातीला त्यानं रिकामी बंगई हलवून पाहिली. वारा नाही, काही नाही, आणि बंगई जोरजोरात झुलतेय. कुणाचीही पाचावर धारण बसावी. तोताराम पाटील जागे झाले, त्यांनी बघितलं आणि कौतुकानं शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं, "बघ चावदसच्या हातची सफाई. नुसत्या श्वासानं हलते." शेजाऱ्यानंही मान डोलवली. चावदस बाजूला कपाळाला हात लावून उभा.

मग त्यानं कड्या वाजवल्या. खणखण, खणखण, दुपारभर. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाईंनी एरंडेलाची वाटी आणली आणि प्रत्येक कडीला बोटबोट तेल लावलं. त्यानंतर कितीही हिसडे दिले तरी कड्या चूं करीनात. महिनाभर तो नुसता हिसडे देत राहिला आणि दमून गेला.

म्हातारे पाटील-पाटलीण यथाकाल गेले. त्यांचा मुलगा पुंडलिक कर्ता झाला, त्याचं लग्न झालं आणि मैनाबाई सून म्हणून घरात आली. चावदसनं ठरवलं, आता सरळ समोरच जायचं. नवी मुलगी आहे, किंचाळेल, चार लोक जमतील, विचारपूस होईल. दुपारी मैनाबाई माजघरात आली तसा तो खांद्यावर वाकस घेऊन तिच्यासमोर प्रकट झाला. मैनाबाईला घरात येऊन आठच दिवस झालेले. सासरकडचे किती काका, किती मामा, तिला कुठं ठाऊक. तिनं झटकन पदर पुढं ओढला, वाकून नमस्कार केला, पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि मोठ्या माणसासमोर बोलायचं नाही म्हणून तोंडातून एक शब्द न काढता आत निघून गेली. 'बसा' एवढं म्हणाली असती तर काय बिघडलं असतं? पण नाही. चावदसला राग आला, तो गिळला, आणि नमस्कार केलाच आहे म्हणून 'अखंड सौभाग्यवती भव' असा आशीर्वादही द्यावा लागला. तो तिला ऐकू गेला नाही ते वेगळंच. भुतांचा नियम आहे म्हणतात, ज्यानं तुम्हाला बसवलं त्यालाच तुमचं बोलणं ऐकू जातं.

पुढं बऱ्याच वर्षांनी मैनाबाईला मुलगी झाली, तिचं नाव धुर्पी, आणि सात वर्षांनी मुलगा झाला. आता तर चावदसच्या हालाला पारावार राहिला नाही. आपोआप हलणारी बंगई घरात असल्यावर पाळणा कोण आणतो? मैनाबाई बाळाला उशांच्या मध्ये फळीवर ठेवायची आणि शेतावर जेवण घेऊन जायची. चावदसनं हात आखडता घेतला की बाळ टाहो फोडायचं. एक दिवस त्यानं मनाशी ठरवलंच, आज हलवणार नाही म्हणजे नाही. मी काय यांच्या घरचा गडी आहे? बाळ रडलं. आणखी रडलं. रडून रडून लालबुंद झालं. चावदस भिंतीकडं तोंड करून उभा राहिला, मग कानात बोटं घातली, मग शिव्या देत मागं वळला आणि बंगईला झोका दिला. "झोप रे माझ्या राजा," असं तो म्हणाला म्हणे, आणि स्वतःवरच भडकला.

बाळ झोपलं की मैनाबाई त्याच फळीवर कुरडया वाळत घालायची. त्या वाऱ्यानं लवकर वाळतात म्हणून.

सगळ्यात जास्त चीड त्याला या लोकांच्या बसण्याची यायची. या घरातला एक माणूस सरळ बसेल तर शपथ. तोताराम पाटील बसायचे ते डावीकडं कलून, कडी घट्ट धरून. पुंडलिकही तसाच. आलागेला पाहुणाही त्यांचं बघून तसाच. मी एवढी सरळ फळी केली, तीन महिने घाम गाळला, आणि हे लोळके तिच्यावर वाकडे पडतात. या विचारानं त्याच्या जिवाचा नुसता संताप व्हायचा.

एके दिवशी मैनाबाई शेतावर गेली आणि बाळाजवळ धुर्पीला बसवून गेली. धुर्पीला खेळायला जायचं होतं, म्हणून ती आधीच वैतागलेली. बंगई हलत होती, बाळ झोपत होतं, आणि पोर बारकाईनं बघत होती. मोठ्या माणसांना जे दिसत नाही ते तिला दिसलं. बंगई मध्येच थांबायची, जसा कुणी कपाळावरचा घाम पुसतोय, आणि परत हलायची. बाळ झोपल्यावर तिनं त्याला उचलून गोधडीवर ठेवलं आणि रिकाम्या जागेकडं बघून म्हणाली, "तू केव्हापासून उभाच आहेस. बस ना आता."

चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली तो शब्द एवढ्याशा पोरीनं असा येता-जाता टाकला. चावदसच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं पागोटं सारखं केलं, फळीला हात लावून डोक्याला लावला, आणि आपल्या बंगईवर ऐटीत मधोमध बसला.

आणि डावीकडं घसरला.

तो परत मध्ये सरकला. परत घसरला. तिसऱ्यांदा घसरला तेव्हा कडी धरून बसला, अगदी तोताराम पाटील बसायचे तसाच. सुताराच्या बुडाला जे कळतं ते डोळ्याला कळत नाही, आणि चावदसला ते लगेच कळलं. फळी एका बाजूला बोटभर खाली होती.

"ही वाकडी केव्हापासून आहे?" त्यानं विचारलं. धुर्पीनं त्याला बसवलं होतं, त्यामुळं तिला ते ऐकू आलं.

धुर्पी म्हणाली, बंगई वाकडी नाही, जमीन वाकडी आहे. तिला आजोबांची सगळी गोष्ट पाठ होती, कारण घरात ती शंभरदा सांगितली जायची. बंगई टांगली त्याच दिवशी, सुतार निघून गेल्यावर, व्याही घसरून पडता पडता वाचले. पण चावदस सुताराचं काम वाकडं असेल असं आजोबांच्या मनातसुद्धा आलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावला आणि सांगितलं की माजघराची जमीन वाकडी आहे, ती बंगईला धरून सरळ कर. गवंड्यानं फळीकडं बघून जमीन केली. तरी घसरायला होतंच. मग परत उकरून परत केली. तेव्हापासून माजघरात कांदा ठेवला तर डाव्या कोपऱ्यात जातो, सारवताना पाणी डाव्या कोपऱ्यात साचतं, आणि घरातल्या सगळ्या रांजणांखाली एका बाजूनं खापराचे तुकडे लावलेले आहेत. आजोबांची कंबर त्या बसण्यानं जन्मभर एका अंगाला धरलेली होती. वैद्य म्हणाला बंगई बघून घ्या, तर त्यांनी वैद्य बदलला.

चावदस ऐकत राहिला. जमीनही तितकीच वाकडी केल्यामुळं इतकी वर्षं फळी त्याला सरळ दिसत होती. ज्या घरानं आपल्याला साधं बस म्हटलं नाही म्हणून आपण दातओठ खात उभे राहिलो, त्या घरानं आपल्यावर एवढा भरवसा टाकला होता. आणि काम तर वाकडं झालेलं. त्या दिवशी मान मागून घेतला असता, नुसतं टेकून बघितलं असतं, तरी तिथल्या तिथं कळलं असतं. रुसून निघून गेलो आणि एका भल्या माणसाची कंबर मोडली. त्याला इतकी लाज वाटली की सुटका होत असूनही त्यानं ती घेतली नाही. बंगई सरळ झाल्याशिवाय इथून हलायचं नाही असं त्यानं ठरवलं, आणि धुर्पीला म्हणाला की जाऊन बापाला सांग, सुताराचं चुकलंय, आकडे काढायला पाहिजेत.

पुंडलिक शेतावरून आला, मुलीचं ऐकलं आणि भडकला. चावदसबाबांच्या कामात खोट काढायची? ज्या बंगईसाठी माझ्या बापानं दोनदा जमीन उकरली तिला वाकडी म्हणायचं? धुर्पी रडकुंडीला येऊन सांगत होती की मी नाही म्हणत, ते स्वतःच म्हणतात. बाजूला चावदस हातवारे करून घसा फोडत होता, आणि पुंडलिकला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. चाळीस वर्षं मान मिळत नाही म्हणून जीव जळाला, आणि आता नको झालेला मान हे लोक सोडायला तयार नाहीत. काय करावं या माणसांचं?

शेवटी धुर्पी म्हणाली की बाबा, मी बस म्हटलं तेव्हापासून मला ऐकू येतंय, तुम्हीही त्यांना बसवा म्हणजे तुमच्याशी ते बोलतील. पुंडलिक जरा घुटमळला. बंगई टांगली त्या दिवशी तो पाच वर्षांचा होता, पण दाराशी हात बांधून उभा असलेला सुतार त्याला आठवत होता. त्यानं पागोटं काढलं, हात जोडले आणि म्हणाला, "बसा चावदसबाबा. आमच्याकडून तुमचा मान राहिला होता."

रिकामी बंगई कुरकुरली आणि डावीकडून खाली गेली. मग माजघरात म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला.

"पुंडलिक, मान राहू दे. माझं चुकलंय. डावीकडचे आकडे मी एक बोट खाली ठोकले."

पुंडलिक म्हणाला की बाबा, तुमचं कसं चुकेल, आमचीच बसायची पद्धत चुकत असेल. चावदसनं त्याला परातीत पाणी आणायला लावलं. परात फळीवर ठेवली तर पाणी डाव्या काठावरून सांडायला लागलं. पुंडलिक म्हणाला, आमच्या विहिरीचं पाणी जड आहे, ते असंच करतं. चावदस म्हणाला, आता मात्र मी भिंतीवर डोकं आपटून घेतो. भूत असल्यामुळं तेही जमलं नाही, डोकं भिंतीतून आरपार गेलं. पुंडलिक आपला परत परत तेच सांगत होता की जमीनच अजून नीट झालेली नाही, उद्या तिसऱ्यांदा गवंडी बोलावतो.

तेव्हा धुर्पी खाली वाकली, फळीच्या खालून हात इकडून तिकडं फिरवला आणि विचारलं, "बाबा, बंगई जमिनीला टेकते कुठं?"

पुंडलिकनं फळीकडं बघितलं, मग जमिनीकडं, मग फळीच्या नि जमिनीच्या मधल्या हातभर मोकळ्या जागेकडं. त्यानंही खाली वाकून हात फिरवला. दोनदा जमीन उकरली, एक वैद्य घालवला, आणि ही गोष्ट चाळीस वर्षांत घरातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. तो मटकन खाली बसला. "खरंच की," एवढंच म्हणाला.

मग काम झालं. पुंडलिक शिडीवर चढला आणि चावदस खालून सांगत राहिला, जरा वर, आणखी वर, अरे हातात जोर आहे की नाही. आकडे काढून बोटभर वर ठोकले. परत परात ठेवली, पाणी कुठंच सांडेना. पुंडलिकनं परत हात जोडून 'बसा' म्हटलं, चावदस बसला, आणि या खेपेला घसरला नाही. पाय हलवत थोडा वेळ तसाच बसला. त्याचं मन निवलं. मग उठून म्हणाला, आता तुम्ही बसा, मला बघू द्या.

पुंडलिक, मैनाबाई, मांडीवर बाळ, शेजारी धुर्पी, असं सगळं घर बंगईवर बसलं. बसलं ते सवयीनं डावीकडं कलून. मग एकमेकांकडं बघितलं, चुळबुळ केली, आणि पुंडलिक फार संकोचानं म्हणाला, "बाबा, रागावू नका, पण आता जरा उजवीकडं वाकडी झाल्यासारखी वाटते."

चावदस भूत तिथून जे तरातरा निघून गेलं ते परत कधी आलं नाही. मान मिळाल्यामुळं त्याला गती मिळाली असं काही लोक म्हणतात. निंबदेवळीतले जुने लोक मात्र सांगतात की ते वैतागून गेलं.

ती बंगई पाटलांच्या घरात अजून आहे, बघायची तर दाखवतो. आणि त्या दिवसापासून गावानं ठरवलं की बनवणाऱ्यानं आधी बसायचं. त्याला कुणी विसरायचं नाही, आणि त्यानंही रुसून जायचं नाही. आजही नवी बाज, नवा पाट, नवं घर काहीही झालं की सगळे गोळा होतात, कारागीर त्यावर बसतो, इकडं सरकतो, तिकडं सरकतो, आणि लोक मुकाट उभे राहतात. त्यानं स्वतःच्या तोंडानं स्वतःची चूक सांगेपर्यंत निंबदेवळीत कुणी कामाला छान म्हणत नाही.